'लायकी नाही', पण कुणाची? 'डॉटर' या गाण्याचा अर्थ आणि चौथीतली भाची

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापुरात अशोक चौकाच्या बाजूला राहणारा, कॉलेजच्या बँडमध्ये गिटार वाजवणारा एक मुलगा गॅदरिंगला पर्ल जॅम या अमेरिकी रॉक बँडचं 'डॉटर' गाणार आहे. गाण्याआधी मराठीत चार वाक्यं बोलायची आहेत, म्हणून त्याला अर्थ हवाय. बँडमधला एकजण म्हणतो हे लैंगिक अत्याचाराचं गाणं आहे. दुसरा म्हणतो छे, आईशी भांडून घर सोडणाऱ्या बंडखोर मुलीचं आहे. आणि प्रश्नाच्या शेवटी, जाता जाता टाकल्यासारखं: "माझी भाची चौथीत आहे. घरी तेलुगू, शाळा मराठी. तिला वाचायला जमत नाही. अक्का, म्हणजे तिची आई, विड्या वळता वळता तिच्याकडून धडा वाचून घेते आणि अडखळली की मारते. गाणं ऐकलं की तीच दिसते. काही संबंध आहे का?"

संबंध आहे, आणि तुमच्या दोन्ही मित्रांपेक्षा तुम्ही गाण्याच्या जास्त जवळ आहात. पण आधी गाणं नीट वाचू.

'डॉटर' १९ ऑक्टोबर १९९३ ला आलेल्या 'व्हर्सस' या अल्बममधलं. शब्द गायक एडी व्हेडरचे, चाल मुळात गिटारवादक स्टोन गॉसर्डची. अमेरिकेत पहिल्या पाच दिवसांत या अल्बमच्या साडेनऊ लाखांवर प्रती खपल्या, म्हणजे गाणं लाखो घरांत एकदम पोचलं. पण त्याचा व्हिडिओ मात्र नाही. आधीच्या 'जेरेमी' या गाण्याच्या व्हिडिओनंतर बँडनं कित्येक वर्षं व्हिडिओ करणंच थांबवलं होतं. 'जेरेमी'मध्ये शाळकरी मुलगा वर्गात स्वतःला गोळी घालतो. टीव्हीसाठी तो क्षण कापला गेला आणि रक्तानं माखलेले, गोठून बसलेले वर्गमित्र तेवढे पडद्यावर उरले. झालं, पुष्कळांनी अर्थ लावला की त्यानं वर्गावरच गोळ्या झाडल्या. 'डॉटर'ला असं चुकीचं चित्र चिकटलं नाही, पण बरोबर चित्रही नाही. जे काही आहे ते शब्दांत, आणि शब्द कमी आहेत.

वाचायचं कसं? वही घ्या, गाण्याच्या ओळी क्रमानं उतरवा आणि प्रत्येक ओळीपुढे दोनच गोष्टी लिहा: यात कोण आहे, आणि क्रियापद कुणाचं आहे. अर्थ, भावना, प्रतीकं सगळं नंतर. बहुतेकांचं चुकतं ते इथंच. ते धृपदापासून सुरुवात करतात, कारण धृपद तोंडात बसलेलं असतं.

आता क्रम बघा. रिकाम्या खोलीत न्याहारीचं टेबल, मरगळलेली एकटी मुलगी. आई मोठ्यानं वाचते आहे. मूल ते समजून घ्यायची धडपड करतं. आईला आपला अभिमान वाटावा म्हणून करतं. मग पडदे खाली येतात. काहीतरी बिघडलंय हे नाकारता येत नाही, असं येतं. आणि त्यानंतर धृपद: मला लेक म्हणू नको.

म्हणजे गाण्यातली पहिली घडलेली गोष्ट वाचन ही आहे. मार नाही, भांडण नाही, बाप नाही, दुसरा कुठलाही पुरुष नाही. आई वाचते, पोरीला कळत नाही, आणि त्या धडपडीच्या पाठोपाठ खिडकीचे पडदे ओढले जातात. व्हेडरनं त्या काळातल्या मुलाखतीत हेच सरळ सांगितलंय: या मुलीला शिकण्यातली अडचण आहे, अशा अडचणी ओळखता यायला लागून थोडीच वर्षं झालीत, त्याआधी तो आगाऊपणा समजला जायचा आणि ही मुलं बेदम मार खायची. शेवटी पडदे खाली येतात ते पुढचं शेजाऱ्यांना दिसू नये म्हणून, हेही त्यानंच सांगितलंय.

कवीनं सांगितलं म्हणून मान्य करा असं माझं म्हणणं नाही. कवी नंतर काहीही बोलतात. इथं त्याचं बोलणं ओळींच्या क्रमाशी जुळतं, म्हणून ते धरायचं. याउलट एक मोहात पाडणारी माहिती आहे, तिच्यापासून जपा: हे गाणं लोकांपुढे पहिल्यांदा वाजलं ते १ नोव्हेंबर १९९२ ला कॅलिफोर्नियात, ब्रिज स्कूलच्या मदतीसाठीच्या मैफलीत, आणि ती शाळा बोलण्याच्या आणि शारीरिक गंभीर अडचणी असलेल्या मुलांची आहे. निवेदनात वापरायला छान, पण पुरावा म्हणून कुचकामी, कारण त्या मैफलीत इतरही अनेकांनी आपापली गाणी म्हटली आणि ती सगळी काही अपंगत्वावर नव्हती.

बंडखोर मुलीचा अर्थ फक्त धृपदातून निघतो, म्हणून तो सोडून द्या. लैंगिक अत्याचाराच्या अर्थाला मात्र वाटतो त्यापेक्षा जास्त आधार आहे: ओढलेले पडदे, दाबून धरणारा हात, आणि सुरुवातीचा तो एक शब्द, जो काहींना 'व्हायोलिन्स' ऐकू येतो आणि काहींना 'व्हायलन्स'. उच्चार इतके जवळ आहेत की केवळ कानावर निकाल लागत नाही, आणि एका शब्दावर सगळ्या गाण्याचा अर्थ टांगूही नये. हा अर्थ गाण्यात मावतो, पण गाणं तो सांगत नाही. ज्याच्यावर तसं गुदरलंय त्याला या ओळींत स्वतःचं घर दिसलं तर ते ऐकणं त्याचं आहे, त्याच्याशी वाद घालू नका. स्टेजवरून मात्र 'हे गाणं लैंगिक अत्याचारावर आहे' असं सांगू नका. सांगितलंत तर वाचनाच्या टेबलावरची ती पोरगी पुन्हा एकदा कुणालाच दिसणार नाही.

तीन जागा बारकाईनं बघण्यासारख्या आहेत, आणि मराठीत आणताना तिथंच घसरायला होतं.

पहिली, धृपदातला 'लायक नसण्या'चा तुकडा. इंग्रजीत त्याला कर्ताच नाही. मी लेक म्हणवून घ्यायला लायक नाही, की तू मला लेक म्हणायला लायक नाहीस? रोज 'ढ' ऐकणारं मूल पहिलं म्हणतं, चिडलेलं मूल दुसरं म्हणतं, आणि ही पोरगी दोन्ही आहे. मराठीत 'लायक नाही' लिहिलं की 'मी' होतो, 'लायक नाहीस' लिहिलं की 'तू'. आपलं क्रियापद चुगली करतं. नाम वापरा: "मला लेक म्हणू नको. लायकी नाही." कुणाची ते उघडंच राहतं. शिवाय आपली माणसं याच शब्दात एकमेकांना सुनावतात, त्यामुळे भाषांतराचा वासही येत नाही.

दुसरी, हाताची ओळ. तिला जो हात दाबून धरतो तोच हात तिनं धरलाय. इंग्रजीत एकच क्रियापद दोनदा येतं, आणि मराठीत ते फुकटात मिळतं: धरणं आणि दाबून धरणं. 'बिलगणं', 'कवटाळणं' वगैरे काव्यमय शब्द घालून ते घालवू नका. मारणाऱ्या आईचाच पदर मूल धरतं, कारण दुसरा पदर नसतो. ही एक ओळ सोडून दिली तर आई राक्षसीण होते आणि गाणं सोपं होऊन बसतं.

तिसरी, पडदे. 'पडदा पडला' असं चुकूनही लिहू नका. आपल्याकडे त्याचा अर्थ नाटक संपलं, विषय मिटला. इथं तर पडदे खाली आल्यावर सुरू होतं. 'खिडकीचे पडदे ओढले' हे साधं बरं. पडद्यापाठोपाठ 'तिच्या डोक्यात आहे' अशा अर्थाचे शब्द येतात, त्यालाही दोन तोंडं आहेत: दोष तिच्या मेंदूत आहे, आणि हे सगळे तिच्या मनाचे खेळ आहेत. वाचनाची अडचण असलेल्या मुलांना घरात ही दोन्ही वाक्यं ऐकायला मिळतात, कधीकधी एकाच दिवशी.

आणि 'ती वर उठेल' या ओळीचं काय? पोस्टरवर छापली जाते ती हीच. ती गाण्यात आहे, पण शेवटी नाही. तिच्यानंतर पुन्हा धृपद येतं आणि गाणं संपतं ते पडदे खाली येत राहण्यावर. आशा आहे, पण मधे आहे. निवेदन त्या ओळीवर संपवलंत तर गाणं तुम्ही खोटं सांगितलं असं होईल. चालही फसवी आहे, हे लक्षात ठेवा: मोकळी, उबदार, अकूस्टिक गिटार, जी या सुरात लावलेल्या उघड्या तारा. म्हणूनच लोक हे आपल्या लेकींना 'अर्पण' करतात. कृपा करून मागच्या पडद्यावर 'बेटी बचाओ'ची स्लाइड लावू नका.

तुलनेला एक अल्बम घ्या म्हणजे मुद्दा पक्का होईल. 'द हू' या ब्रिटिश रॉक बँडचा 'टॉमी' हा १९६९ चा अल्बम. त्यात लहान मुलगा आरशात एक खून पाहतो, आईबाप त्याला बजावतात की तू काही पाहिलं नाहीस, ऐकलं नाहीस, बोलायचं नाही, आणि तो मुलगा आंधळा, बहिरा, मुका होतो. पुढे नातेवाईक त्याचा छळ करतात. छळाची ती दोन गाणी बँडच्या पीट टाउनशेंडनं स्वतः न लिहिता बँडमधल्याच जॉन एन्टविसलकडून लिहून घेतली. तिथं अत्याचार आधी, अपंगत्व नंतर. 'डॉटर'मध्ये उलट: अडचण आधी, मार नंतर, आणि मार बसतो तो अडचण ओळखता न आल्यामुळे. 'टॉमी'चा साचा डोक्यात ठेवून 'डॉटर' ऐकलं की माणूस 'हिला काय झालं म्हणून ही अशी झाली' हे शोधत बसतो. हिला काहीही 'झालेलं' नाही. ती तशीच आहे.

आता भाची.

सोलापूरच्या पूर्व भागात न्याहारीचं टेबल नसेल, मांडीवर विड्यांचं सूप असेल. आणि पडद्यांचं काम मागाचा खडखडाट करतो. खाली यंत्रमाग चालू असताना वरच्या खोलीतलं रडणं जिन्यापर्यंतही पोचत नाही. अमेरिकी गायिका सुझान व्हेगाच्या १९८७ च्या 'लुका' या गाण्यात मार खाणारं मूल शेजाऱ्याला सांगतं की आवाज आला तरी विचारू नको. इथं आवाजच येत नाही, त्यामुळे विचारणारा माणूस घरातला लागतो. तो तुम्ही आहात, मामा.

पण लगेच 'तिला डिस्लेक्सिया (वाचनाची अक्षमता) आहे' असं ठरवू नका. तेलुगू घर आणि मराठी शाळा हा इथला नेहमीचा घोटाळा आहे, आणि तो दोन्ही बाजूंनी चुकवतो. कधी केवळ भाषा नवी म्हणून अडखळणाऱ्या मुलाला अक्षम ठरवतात. कधी खरी अक्षमता 'घरी तेलुगू आहे ना, येईल हळूहळू' म्हणून पाचवी-सहावीपर्यंत झाकून राहते. फरक कळायला हे करून बघा. पुस्तक बाजूला ठेवा. तोंडी विचारा: 'कमळ'मधला 'क' काढला तर काय उरतं? मग तेलुगूत: मुंगीला तुम्ही चीमा म्हणता, त्यातला 'ची' काढला तर? असे प्रत्येक भाषेत दहा शब्द घ्या, दोन-तीन दिवसांत विभागून. तेलुगूत पटापट सांगते आणि मराठीतच अडते, तर प्रश्न बहुधा भाषेचा. चौथीतली मुलगी दोन्हीकडे अडते, पण तेलुगूत गोष्ट मात्र नीट, क्रमानं, रंगवून सांगते, तर अध्ययन अक्षमतेची, म्हणजे शिकण्यातल्या अडचणीची, शंका घ्यायला जागा आहे.

वाचनात काय बघायचं: घ आणि ध, भ आणि म, ब आणि व यांची अदलाबदल. मात्रा, अनुस्वार गाळणं. जोडाक्षर आलं की थांबणं. पहिल्या अक्षरावरून अख्खा शब्द ठोकून देणं, 'पाऊस'चं 'पाणी' करणं. ओळ संपली की पुढची सोडून तिसरीवर जाणं. यातलं काहीही दुसरीपर्यंत चालतं. पंचवीसचे ५२ लिहिणं तर मराठीत अगदीच साहजिक, कारण आपण 'पंच' आधी म्हणतो आणि 'वीस' नंतर. चौथीत, रोज, तेच तेच होत असेल तर तपासणी करायची.

तपासणीचा क्रम बदलू नका. आधी डोळे, मग कान. कान टाळतात लोक, आणि वारंवार सर्दीनं कानात पाणी साचणारं मूल 'लक्ष देत नाही' म्हणून मार खातं. नंतर चिकित्सा मानसशास्त्रज्ञांकडे बुद्ध्यांक चाचणी, मग विशेष शिक्षकांकडे वाचन, लेखन, गणिताच्या चाचण्या. बुद्ध्यांक साधारण किंवा जास्त, आणि वाचन मात्र दोन-दोन इयत्ता मागे, असं चित्र आलं की निदानाकडे जातात. सिव्हिलमध्ये आधी चौकशी करा की ही तपासणी कोणत्या वारी असते, नाहीतर अक्काची दिवसाची मजुरी बुडेल आणि ती दुसऱ्यांदा येणार नाही. शाळेत मुख्याध्यापकांना विचारा की 'समग्र शिक्षा' या सरकारी योजनेतले विशेष शिक्षक कधी येतात.

गाणं आलं त्या १९९३ साली आपल्या कायद्यात ही अडचण कुठंच नव्हती. १९९५ च्या अपंग कायद्यातल्या सात प्रकारांतही नव्हती. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार झाले, त्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता आली. २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे प्रमाणपत्र आठ वर्षं पूर्ण झाल्यावर मिळायचं, १४ आणि १८ व्या वर्षी पुन्हा तपासणी व्हायची आणि १८ व्या वर्षीचं प्रमाणपत्र कायमचं असायचं; २०२४ मध्ये नव्या सूचना आल्या, म्हणून आताचा नियम तपासणीच्या वेळी विचारून घ्या. प्रमाणपत्रावर परीक्षेत तासाला किमान २० मिनिटं जास्त, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास, शिवाय लेखनिक. दहावीला धावपळ करण्यापेक्षा आत्ताच कागद करून ठेवावा.

घरी काय करायचं? रोज पंधरा मिनिटं, त्याहून जास्त नाही. आठवड्याला तीनच अक्षरं. ताटात रव्याचा पातळ थर पसरा, बोटानं 'ब' काढायचा आणि काढतानाच आवाज म्हणायचा. दुसऱ्या दिवशी 'व', तिसऱ्या दिवशी दोन्ही शेजारी. जुन्या पोस्टकार्डाला एका ओळीच्या उंचीची खिडकी कापा आणि पुस्तकावर सरकवत वाचायला द्या, ओळी सुटणं लगेच कमी होतं. वेलांटी-उकार वेगळ्या रंगानं. अक्कानं आधी एक वाक्य वाचायचं, मग दोघींनी मिळून, मग पोरीनं एकटीनं. अक्काला मराठी वाचन सोपं जात नसेल तर हे काम मामानं करायचं, आणि अक्कानं त्या वेळात तेलुगूत गोष्ट ऐकायची.

दहा वेळा धडा लिहून काढायला लावू नका. नक्कल करताना आवाज लागतच नाही, मूल रेघोट्या उतरवतं आणि चूक दहादा घोटली जाते. मारानंही हेच होतं, फक्त जलद: भेदरलेल्या मुलाच्या डोक्यात आत्ताच वाचलेला शब्द टिकत नाही, मग ते पुन्हा अडखळतं, मग पुन्हा मार. स्मरणशक्तीचं टॉनिक, पावडर, महागडी शिकवणी यात पैसे घालू नका.

अक्काशी बोलताना 'तू मारतेस' इथून सुरू केलंत तर पडदे ओढले जातील. 'हिचे कान तपासू या का' इथून सुरू करा. ते तिलाही सोपं जातं, कारण त्यात कुणाचीच लायकी निघत नाही. मात्र अंगावर वळ दिसत असतील, चटका असेल, पोरगी घरी जायला घाबरत असेल, तर बोलण्याची वेळ गेली: १०९८ या मुलांच्या मदतीच्या क्रमांकाला फोन करा किंवा जिल्ह्याच्या बालकल्याण समितीकडे जा. शाळेत मारत असतील तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं शारीरिक शिक्षेला मनाई आहे, अर्ज लेखी द्या. आणि तुमच्या मित्राला वाटतं तसं काही, म्हणजे लैंगिक, कधी समजलं तर मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पोक्सो कायद्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. मामालाही.

तपासणीला जाताना गेल्या दोन वर्षांच्या वह्या न्या. खाडाखोड केलेल्या, लाल शाईनं भरलेल्या, पानं फाटलेल्या. सुवाच्य, नेटकी वही घरीच ठेवा. ती बहुतेक वेळा शिकवणीच्या बाईंनी लिहून दिलेली असते.